फॅमिलीसर्च: वंशावळ फुकट, पण वही कुणाच्या ताब्यात?

सोलापूर जिल्ह्यात सध्या जुन्या कागदांना भलताच भाव आलाय. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि कोतवाल बुक, गाव नमुना १४, हक्कनोंद, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा हे शब्द तहसील कचेरीतून थेट घराघरांत पोचले. त्याच ओघात ‘फॅमिलीसर्च’चं नाव निघतं. अमेरिकेतलं संकेतस्थळ आहे, ॲपही आहे, जगभरच्या नोंदी आहेत आणि एक रुपया लागत नाही, असं सांगितलं जातं. हे सगळं खरंच आहे. सांगायचं राहून जातं ते एवढंच, की ही सेवा युटा राज्यातलं मॉर्मन चर्च चालवतं आणि त्यामागे त्या चर्चचा एक धर्मविधी आहे.

निकाल आधीच सांगतो. नोंदी शोधायला खुशाल वापरा. घराण्याचं झाड तिथं लावायच्या आधी मात्र पुढचं वाचा.

खातं उघडायला नाव, जन्मतारीख, देश, ईमेल किंवा मोबाइल एवढं पुरतं. तुम्ही चर्चचे सदस्य आहात का, हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर ‘नाही’ द्यायचं. हा प्रश्न पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण सदस्याला दिसणारा पडदा आणि इतरांना दिसणारा पडदा वेगळा असतो. सेटिंगमध्ये जाऊन बाहेर दिसणारं नाव म्हणून पूर्ण नावाऐवजी वापरकर्ता-नाव निवडा, आणि ईमेल शक्यतो वेगळा ठेवा.

आता शोध. ‘रेकॉर्ड्स’मध्ये सोलापूरचं आजचं इंग्रजी स्पेलिंग टाकून भागत नाही, ब्रिटिश काळातलं ‘शोलापूर’ टाकावं लागतं. आडनावांचंही तेच. इंग्रज कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून शंका असलेल्या एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि अनेक अक्षरांच्या जागी तारका टाकून शोधा. भारतापुरते तीन मोठे संच कामाचे आहेत: जन्म व बाप्तिस्मा १७८६ ते १९४७, विवाह १७९२ ते १९४८, मृत्यू व दफन १७१९ ते १९४८. नावं भारदस्त, पण आत काय आहे ते नीट समजून घ्या. ब्रिटिश इलाख्यांतल्या चर्चांकडून लंडनला पाठवलेल्या नोंदींच्या नकलांच्या सूची, असं त्यांचं मूळ स्वरूप. मूळ बाडं ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबई इलाख्याची ‘एन/३’ या क्रमांकमालेत. त्यामुळे सापडतात ते मुख्यतः लष्करी, रेल्वेतले आणि कचेरीतले ख्रिस्ती लोक. सोलापूर-होटगी मार्गावर नोकरी केलेल्या अँग्लो-इंडियन घराण्यांना इथं हाताला काहीतरी लागू शकेल. सूचीत नाव, तारीख, आईबाप आणि फिल्म क्रमांक मिळतो. तो फिल्म क्रमांक लिहून ठेवा, कारण मूळ पान गाठायचं तर त्याच्याशिवाय अडतं.

सोलापुरातल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांतली घरं मात्र इथं फसतात. ते मिशन काँग्रिगेशनल परंपरेचं, त्याचा कारभार वेगळा. त्या घरांनी आधी आपल्या मंडळीचं बाप्तिस्मा-रजिस्टर उघडावं, संकेतस्थळ नंतर.

हिंदू घरांसाठी ‘हिंदू तीर्थयात्रा नोंदी’ नावाचा एक संच आहे. हरिद्वारसारख्या उत्तरेकडच्या क्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्या फिल्मवर घेतल्या, त्याची ही चित्रं. सोलापूरकराच्या दृष्टीने यात दोन अडचणी आहेत. एक तर आपले पणजोबा हरिद्वारपेक्षा पंढरपूर, तुळजापूर किंवा त्र्यंबकेश्वरला गेलेले असण्याचा संभव जास्त. दुसरं, या वह्या नाव टाकून शोधता येत नाहीत. गाव, जात, पुरोहित यांवरून अंदाज बांधायचा आणि पानामागून पान उलटत बसायचं.

कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली तर ते पान घरून उघडणार नाही. फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊन पाहावं लागतं. ॲप बिघडलेलं नसतं. नोंदी ज्या संस्थेच्या आहेत तिच्याशी झालेल्या करारातली ती अट असते.

कुणबी नोंदीसाठी हे ॲप उतरवून घेणाऱ्यांचा वेळ वाया जातो. पडताळणी समितीला मूळ अभिलेखाची प्रमाणित नक्कल लागते, परदेशी संकेतस्थळाची छापील प्रत तिथं चालत नाही. मोडी दप्तरासाठी तहसीलचा अभिलेख कक्ष आणि जाणकार मोडी वाचक, हाच रस्ता.

इथपर्यंत साधी, चांगली, थोडी कंटाळवाणी सेवा. खरा मामला ‘फॅमिली ट्री’ या भागात आहे.

इतर बहुतेक कंपन्यांकडे प्रत्येकाचं झाड वेगळं असतं. इथं सगळ्या जगाचं मिळून एकच झाड आहे. जिवंत माणूस सहसा फक्त त्याची नोंद करणाऱ्याला दिसतो. त्याच्या नावापुढे ‘मृत’ अशी खूण केली, की ती नोंद सार्वजनिक होते, तिला चार-तीन अक्षरांचा क्रमांक मिळतो आणि कुठल्याही खातेदाराला ती बदलता येते. पोर्तुगालमधल्या अनोळखी माणसाने तुमच्या आजोबांची जन्मतारीख बदलली, असं होऊ शकतं. ते कळायला हवं असेल तर नोंदीवर ‘फॉलो’ दाबून ठेवा, बदल झाले की ईमेल येतो. चुकीचा बदल ‘लेटेस्ट चेंजेस’मधून मागे फिरवता येतो.

आपल्याकडच्या नावांना हा साचा बसत नाही. एक खाना नावाचा, एक आडनावाचा. वडिलांचं नाव पहिल्या खान्यात कोंबावं लागतं, आणि मग ‘विठ्ठल नागनाथ’ हे जोडनाव समजून यंत्र भलत्याच सूचना दाखवतं. बाईचं नाव माहेरचंच टाका. सासरचं आणि लग्नात बदललेलं नाव ‘पर्यायी नाव’ म्हणून वेगळं जोडा, नाहीतर एकाच आजीच्या दोन नोंदी तयार होतात. पूर्व भागातल्या तेलुगुभाषक पद्मशाली घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत आहे. ते तसंच टाकलं तर आडनाव नावाच्या खान्यात जातं आणि यंत्राला भावंडं भावंडं वाटत नाहीत. देवनागरी आणि रोमन अशी दोन्ही रूपं द्या. दत्तकाची सोय मात्र चांगली आहे: जन्मदाते आणि दत्तक आईबाप अशी दोन्ही जोडपी एकाच माणसाला लावता येतात आणि नात्याचा प्रकार लिहिता येतो. दोन बायकाही लावता येतात, आपल्या जुन्या घराण्यांत हे लागतंच.

ठिकाणाच्या खान्यात यंत्र सुचवेल ते डोळे मिटून घेऊ नका. १९०० साली अक्कलकोटात जन्मलेला माणूस मुंबई इलाख्यात जन्मला नाही, ते संस्थान होतं. पद्मशाली घराण्याचं मूळ तेलंगणात असेल तर त्या काळी तो निजामाचा मुलूख. चुकीचं ठिकाण बसलं की चुकीच्या माणसाशी जोडणी होते. सोलापुरात नारायण महादेव कुलकर्णी नावाची किती माणसं होऊन गेली याचा विचार करा, म्हणजे परक्याने केलेलं ‘मर्ज’, म्हणजे दोन नोंदी एक करणं, काय गोंधळ घालू शकतं ते कळेल.

झाड बाहेर काढून न्यायचं तर थेट सोय नाही. गेडकॉम ही वंशावळीची सर्वमान्य फाइल फॅमिली ट्रीमधून सरळ उतरवता येत नाही, त्यासाठी रूट्समॅजिकसारखं तिसऱ्याचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. आत टाकणं सोपं, बाहेर काढणं अवघड. संगणकाच्या जगात हे नवीन नाही, पण इथं त्याला धर्मशास्त्राची जोड आहे.

ती जोड अशी. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापलं. त्यांची शिकवण अशी की मूळ ख्रिस्ती चर्चचा अधिकार पृथ्वीवरून नाहीसा झाला होता आणि तो देवदूतांच्या हस्ते त्यांना परत मिळाला. त्या अधिकाराखाली झालेला बाप्तिस्माच देवाकडे चालतो. मग मधल्या शतकांत मेलेल्या कोट्यवधी लोकांचं काय? १८४० साली नॉव्हू या गावी एका अंत्यविधीच्या भाषणात स्मिथ यांनी उत्तर दिलं: जिवंत माणसाने मृताच्या वतीने बाप्तिस्मा घ्यावा. त्यासाठी मृताचं नाव हवं, ओळख पटेल इतका तपशील हवा. युटाची वंशावळ संस्था १८९४ साली याच कामासाठी निघाली, १९३८ पासून मायक्रोफिल्म सुरू झालं, डोंगर पोखरून ग्रॅनाइटची तिजोरी बांधली गेली, १९९९ मध्ये संकेतस्थळ आलं, आणि २४ लाखांच्या आसपास फिल्मरिळांचं डिजिटलीकरण २०२१ मध्ये पुरं झालं. हा सगळा पसारा त्या एका शिकवणुकीतून उभा राहिला आहे, हे चर्च स्वतःही लपवत नाही.

विधी कसा होतो? या चर्चच्या ‘टेम्पल’मध्ये, म्हणजे मंदिरात, बारा बैलांच्या मूर्तींवर पेललेला मोठा हौद असतो. पांढऱ्या कपड्यातला मुलगा किंवा मुलगी त्यात उतरते. वयाची अट वर्षभरात बारा पूर्ण होण्याची. मृत पुरुषासाठी मुलगा, मृत स्त्रीसाठी मुलगी. नाव वाचलं जातं, पूर्ण बुडी दिली जाते, पुढचं नाव वाचलं जातं, पुन्हा बुडी. एकाच मुलावर अशी अनेक नावं एकापाठोपाठ होतात. त्यानंतर मृतासाठी आणखी विधी असतात, शेवटचा पतिपत्नी आणि आईबाप-मुलं यांना अनंतकाळासाठी ‘सील’ करण्याचा, म्हणजे एकमेकांशी बांधण्याचा.

चर्चची बाजूही नीट मांडली पाहिजे. त्यांच्या मते मृताला परलोकात हा बाप्तिस्मा स्वीकारायची किंवा नाकारायची मोकळीक असते, आणि त्याचं नाव सदस्यसंख्येत धरलं जात नाही. आपण तरी वेगळं काय करतो, असा प्रश्न एखादा सदस्य विचारील आणि तो चुकीचा नाही. तर्पणात आपणही ओळखीच्या-बिनओळखीच्या, नातं असलेल्या-नसलेल्या सगळ्यांना पाणी देतोच, त्यांना विचारून देत नाही. फरक पडतो तो नोंदीत. तर्पणाचं पाणी ताम्हनात पडलं की संपलं. इथं नाव, तारीख, मंदिर आणि विधी असं सगळं एका संस्थेच्या दप्तरात कायमचं चढतं, आणि मृत नाकारू शकतो हे उत्तर कुणालाच तपासून पाहता येत नाही.

टीकाकारांचा राग याच ठिकाणी आहे, आणि तो वाजवी आहे. छळछावण्यांत मारलेल्या ज्यूंच्या नावांनी असे बाप्तिस्मे झाल्याचं उघड झालं. ज्यू म्हणून मारल्या गेलेल्यांना मेल्यावर ख्रिस्ती विधी! १९९५ मध्ये चर्चने ज्यू संघटनांशी हे थांबवण्याचा करार केला. तरी २०१२ मध्ये ॲन फ्रँक हिचं नाव आणि नाझींचा माग काढणारे सायमन विझेन्थाल यांच्या आईवडिलांची नावं पुन्हा वर आली. ही प्रकरणं खणून काढणाऱ्या हेलन रॅडकी या माजी सदस्य. त्याच वर्षी गांधीजींच्या नावाने १९९६ मध्ये ब्राझीलच्या मंदिरात बाप्तिस्मा झाल्याची नोंद सापडल्याचंही त्यांनी सांगितलं. व्हॅटिकनने तर २००८ मध्येच आपल्या धर्मप्रांतांना कळवलं होतं की पॅरिशची रजिस्टरं या संस्थेला देऊ नका.

आजचा नियम असा. सदस्याने आपल्याच पूर्वजांची नावं द्यावीत, प्रसिद्ध व्यक्तींची देऊ नयेत. गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्या माणसासाठी सगळ्यांत जवळच्या हयात नातलगाची परवानगी घ्यावी, म्हणजे जोडीदार, सज्ञान मूल, आईबाप किंवा भावंडं. कागदावर ठीक. पण परवानगी घेतल्याचं सांगतो तो सदस्यच, आणि ११० वर्षांपलीकडच्या पणजोबासाठी ती अटही नाही. सोलापुरातल्या घराण्याचा धोका कमी आहे हेही खरं, कारण आपल्या गावच्या पाटलाचा वंशज म्हणून युटात नाव देणारा कुणी बहुधा नाही. पण परदेशी स्थायिक झालेल्या, तिथं लग्न केलेल्या शाखा आता घरोघर आहेत.

आणि इथं ‘सदस्य आहात का’ हा सुरुवातीचा प्रश्न परत येतो. सदस्याच्या पडद्यावर मृताच्या नोंदीखाली ‘टेम्पल’ नावाचा भाग असतो: कोणता विधी झाला, कोणता राहिला. सदस्य नसलेल्याला तो दिसत नाही. म्हणजे तुमच्या आजीची माहिती तुम्ही भरली, पण आजीच्या नावाने काय झालं ते तुम्हाला सोडून तिऱ्हाइताला कळतं. या सेवेतला सगळ्यांत मोठा दोष हाच. पुढच्या सुधारणेत काही बदलायचं असेल तर त्यांनी हा भाग सगळ्यांना उघडा करावा.

चर्चच्या अधिकाराचं स्वरूपही या झाडात दिसतं. झाडात काय लिहिता येतं हे एक, मंदिरात काय चालतं हे दुसरं. २०१९ च्या डिसेंबरपासून समलिंगी जोडपी झाडात नोंदवता येतात, पण त्यांचं सीलिंग होत नाही. पुरुषाची बायको वारली आणि त्याने दुसरं लग्न केलं तर त्याला दुसरीशीही सील होता येतं. हयात स्त्रीला मात्र एकाच नवऱ्याशी. ती मेल्यानंतर तिच्या सगळ्या नवऱ्यांशी तिचं सीलिंग करता येतं! बहुपत्नीत्वाची चाल १८९० च्या जाहीरनाम्याने थांबली असं सांगतात, पण परलोकाच्या हिशेबात तिची सावली अजून आहे. कृष्णवर्णीय सदस्यांना तर १९७८ पर्यंत मंदिरातले हे वरचे विधी आणि पुरोहितपद दोन्ही बंद होतं.

नियम बदलतात, ते वरून बदलतात, आणि बदलले की त्याला साक्षात्कार म्हणतात. १८९४ आधी अनेक जण आपल्या बापाऐवजी एखाद्या चर्चनेत्याशी ‘दत्तक’ म्हणून सील होत. तेव्हाचे चर्चप्रमुख विल्फर्ड वुडरफ यांनी त्या वर्षी सांगितलं की आता आपल्याच पूर्वजांशी व्हा. २०१५ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यावर निर्बंध आले, त्यालाही दैवी आदेश म्हटलं गेलं, आणि २०१९ मध्ये ते मागे घेतले गेले. मधल्या साडेतीन वर्षांत ज्यांची घरं दुभंगली त्यांनी काय करायचं, याचं उत्तर वरून आलं नाही. जाहीर मतभेद व्यक्त करणाऱ्यांचं काय होतं तेही ठाऊक असावं: १९९३ च्या सप्टेंबरात सहा अभ्यासक-लेखकांवर एकाच महिन्यात शिस्तभंगाची कारवाई झाली, आणि स्त्रियांना पुरोहितपद मागणाऱ्या केट केली यांना २०१४ मध्ये बहिष्कृत केलं गेलं.

फुकट कसं परवडतं? सदस्य उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतात. मंदिरात शिरायचं तर परवाना लागतो, आणि तो देताना हा दशांश पुरा भरता का, हे विचारलं जातं. म्हणजे मृतांसाठी विधी करायला जाणारा प्रौढ आधी वर्गणीदार असतो. चर्च आपला पूर्ण ताळेबंद १९५९ नंतर जाहीर करत नाही. २०१९ मध्ये एका माजी कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून सुमारे १०० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची गोष्ट बाहेर आली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या रोखे नियामकाने समभागांची मालकी १३ नाममात्र कंपन्यांआड ठेवल्याबद्दल चर्च आणि त्याची गुंतवणूक संस्था मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला. भारतातलं पहिलं मंदिर बेंगळुरूला २०१८ मध्ये जाहीर झालं, २०२० मध्ये पायाभरणी झाली. सोलापूरहून एका रात्रीचा रेल्वे प्रवास.

मग सोलापूरकराने काय वापरावं? खेड्यातल्या घराण्याला अजूनही हेळवी सगळ्यांत भरवशाचा. तो दर काही वर्षांनी येतो, पिढ्या वाचून दाखवतो, नवी बाळं लिहून घेतो, धान्य-पैसे घेऊन पुढच्या गावाला जातो. त्याची वहीही त्याच्याच ताब्यात असते हे खरं, पण तो समोर बसून वाचतो आणि चूक तोंडावर सांगता येते. पुढच्या खेपेला परवानगी घेऊन त्याचं वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडे मूळ गाव आणि आडनाव सांगितलं तर जुन्या चोपडीतलं पान निघू शकतं. हे सगळं घरच्या संगणकावर ‘ग्रॅम्प्स’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरा. त्यात झाड तुमच्या डिस्कवर राहतं, देवनागरी चालते, गेडकॉम निघते. शिकायला थोडं किचकट आहे. फॅमिलीसर्च फक्त शोधापुरतं उघडा, पानाचं चित्र उतरवा, फिल्म आणि चित्र क्रमांक ग्रॅम्प्समध्ये आधार म्हणून लिहा.

झाड आधीच लावून बसला असाल तर हे करा. तुम्ही तयार केलेली आणि दुसऱ्या कुणी हात न लावलेली नोंद तुम्हाला पुसता येते, तेव्हा ती आजच पुसा. दुसऱ्याने एक अक्षर जरी बदललं असेल तरी पुसण्याची सोय जाते. घरच्या माणसाच्या नावाने विधी झाल्याची शंका असेल तर नोंदीचा क्रमांक आणि तुमचं नातं लिहून फॅमिलीसर्चच्या मदत कक्षाला लेखी विचारा. आणि खातं बंद केल्याने प्रश्न सुटत नाही, हे लक्षात ठेवा: त्याने तुमचं लॉगिन आणि तुम्ही भरलेली हयात माणसं जातात, मृतांच्या नोंदी झाडावर तशाच राहतात. म्हणून आधी नोंदी पुसायच्या, मग खातं.